‘पुशन’ म्हणजे विष: स्कॉट्स भाषेतल्या एका शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दांच्या जन्मकथा लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त पत्रं मला एका परक्या शब्दावर आली. एका लेखात मी ओझरतं लिहिलं होतं की स्कॉटलंडमध्ये विषाला ‘पुशन’ म्हणतात आणि त्या शब्दाचं आपल्या ‘पाणी’शी नातं आहे. त्यानंतर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येत राहिले, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘पुशन’ हा शब्द कुठल्या भाषेतला? स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडची गेलिकच ना?

नाही. हा गोंधळ इतका पसरलेला आहे की सुरुवात इथूनच करावी लागते. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीखेरीज दोन जुन्या भाषा आहेत. गेलिक ही केल्टिक घराण्यातली, आयरिशची बहीण. स्कॉट्स जर्मॅनिक घराण्यातली, इंग्रजीची बहीण. जुन्या इंग्रजीची जी उत्तरेकडची बोली होती, तिच्यातून स्कॉट्स वाढली, आणि नॉर्स (व्हायकिंगांची जुनी भाषा), फ्रेंच, लॅटिन, डच व गेलिक शब्द पोटात घेत स्वतःच्या वळणाने गेली. पंधराव्या-सोळाव्या शतकात ती दरबाराची, कायद्याची आणि काव्याची भाषा होती. २०२२च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं. २०२५मध्ये गेलिकबरोबर तिलाही कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला.

या स्कॉट्समध्ये विषाला ‘पुशन’ म्हणतात. गेलिकमध्ये काय म्हणतात ते प्रश्न १२मध्ये आहे.

२. उच्चार नक्की कसा करायचा? पुशन, पूशन, पुझन की पिझन?

प्रदेशानुसार हे सगळेच उच्चार ऐकू येतात. मधलं व्यंजन काही ठिकाणी आपल्या ‘श’सारखं असतं आणि काही ठिकाणी घोष. ‘श’ म्हणताना गळा कंप पावला तर जो आवाज येईल, तो. मराठीत त्याला अक्षर नाही. पहिला स्वर कुठे ऱ्हस्व ‘उ’, कुठे लांब ‘ऊ’, तर कुठे ‘इ’कडे झुकलेला. स्पेलिंगही एक नाही. आज नेहमी दिसतं ते पी-यू-एस-एच-आय-ओ-एन. या पानावर मी सगळीकडे ‘पुशन’ लिहितो.

३. शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘पोतारे’ म्हणजे पिणे. त्यावरून ‘पोतिओ’ म्हणजे पिण्याची क्रिया, घोट, पेय. विष हा अर्थ मुळात नाही. हा ‘पोतिओ’ जुन्या फ्रेंचमध्ये शिरताना झिजला आणि ‘पुइझों’, ‘पोइझों’ अशा रूपांत उरला. उत्तर फ्रान्समधून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर तो ब्रिटनमध्ये उतरला. इंग्रजीत त्याचा ‘पॉयझन’ झाला, स्कॉट्समध्ये ‘पुसून’ आणि पुढे ‘पुशन’.

गंमत म्हणजे तोच लॅटिन शब्द नंतर पुन्हा एकदा आला, या वेळी पंडितांच्या हातून, फारसा न झिजता. तो म्हणजे ‘पोशन’, जादूच्या गोष्टींतलं औषधी पेय. म्हणजे ‘पोशन’ आणि ‘पुशन’ ही एकाच आईची दोन लेकरं. एक रस्त्यावर वाढलं, दुसरं पाठशाळेत. आपल्याकडे ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’, ‘क्षीर’ आणि ‘खीर’ या जोड्या तशाच आहेत.

आता ‘पाणी’. लॅटिन ‘पोतारे’च्या मुळाशी जो धातू आहे, तोच संस्कृतमध्ये ‘पा’, म्हणजे पिणे. ‘पान’, ‘पेय’, आपलं ‘पिणं’ त्यातूनच आलं. ‘पानीय’ म्हणजे पिण्याजोगं, आणि त्यावरून ‘पाणी’. स्कॉटलंडमधलं विष आणि आपल्या माठातलं पाणी एकाच धातूतून निघालेले शब्द आहेत. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शब्दकोश मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. आजही हे लिहिताना तेच वाटतं.

४. पण ‘पेय’ याचा अर्थ ‘विष’ कसा झाला? असा उलटा प्रवास कसा होतो?

यात उलटं काहीच नाही, आणि ते समजायला मराठी माणसाला परदेशी जावं लागत नाही. दुकानात आपण काय मागतो? ‘उंदराचं औषध द्या.’ ‘ढेकणाचं औषध आहे का?’ शेतात फवारतात तेही ‘औषध’च. एखाद्या गावातून वाईट बातमी आली की लोक आवाज खाली आणून सांगतात, ‘त्याने औषध घेतलं.’ बरं करणाऱ्या वस्तूचं नाव आपण मारणाऱ्या वस्तूला देऊन टाकलं आहे. ऐकणाऱ्याला कुठलं औषध हे सांगावं लागत नाही.

लॅटिनमध्ये हेच घडलं. ‘पोतिओ’ म्हणजे वैद्याने दिलेला काढा, मोहिनी घालण्यासाठी पाजलेला घोट, आणि काटा काढण्यासाठी पाजलेला घोटसुद्धा. विषाचं नाव उघड घ्यायला माणूस कचरतो. ‘त्याला काहीतरी पाजलं’ एवढंच म्हणतो. असं पिढ्यान्‌पिढ्या म्हणत राहिलं की ते ‘काहीतरी’च विषाचं नाव होऊन बसतं. जुन्या फ्रेंचमध्ये काही काळ दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले, मग चांगला अर्थ गळाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की विषाच्या शब्दांचा इतिहास हा मुख्यतः माणसाच्या संकोचाचा इतिहास आहे. ‘पुशन’ हे त्याचं एक उदाहरण, आणखी उदाहरणं प्रश्न १५मध्ये.

५. फ्रेंच शब्द येण्याआधी तिथले लोक विषाला काय म्हणत? शब्दच नव्हता का?

होता, चांगला खणखणीत. जुन्या इंग्रजीत ‘आतोर’, स्कॉट्समध्ये ‘ॲटर’. नॉर्समध्ये त्याचं भावंड ‘एइत्र’. हा अस्सल जर्मॅनिक शब्द.

पाहुणा आला आणि घरच्याला ओसरीवर यावं लागलं, असं झालं. ‘पुसून’ रुळल्यावर ‘ॲटर’ने विषाची जागा सोडली, पण तो मेला नाही. त्याने दोन-तीन कोपरे धरले. एक म्हणजे जखमेतला पू. जर्मनमध्ये ‘आयटर’ आणि डचमध्ये ‘एटर’ यांचा अर्थ आज ‘पू’ असाच आहे. त्यामुळे हा कल त्या घराण्यातच असावा. दुसरा कोपरा स्वभावाचा. ‘ॲट्री’ म्हणजे पू भरलेलं, आणि त्याचबरोबर चिडखोर, खुनशी, तोंड वाकडं करून बसलेलं. तिसरा कोपरा कोळ्याचा, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

आपल्याकडेही एक असाच शब्द आहे. ‘विख’ हे ‘विष’चं जुनं मराठी रूप. शहरी मराठीत विषाला आज कोणी विख म्हणत नाही, पण ‘विखारी’ टीका आणि शब्दांतला ‘विखार’ रोजच्या वर्तमानपत्रात असतो. मूळ वस्तूचं नाव गेलं, स्वभावाला दिलेलं विशेषण उरलं. ‘ॲट्री’ आणि ‘विखारी’ शेजारी ठेवून पाहा. दोन भाषांचा एकमेकींशी संपर्क नसताना दोघींनी तोच मार्ग धरला.

६. ‘एटरकॅप’ म्हणजे कोळी हे खरं का?

खरं. जुन्या इंग्रजीतला ‘आतोरकोप्पे’ म्हणजे विषाचा गोळा किंवा विषाचं डोकं. ‘कोप्पे’चा नेमका अर्थ यांपैकी कुठला, यावर अभ्यासक दोन्ही बाजूंनी बोलतात. स्कॉट्समध्ये त्याचं ‘ॲटरकॅप’, ‘एटरकॅप’ झालं. डॅनिशमध्ये आजही कोळ्याला ‘एडरकॉप’ म्हणतात, तो हाच शब्द. इंग्रजीत कोळिष्टकाला ‘कॉबवेब’ म्हणतात, त्यातला ‘कॉब’ म्हणजे या ‘कोप्पे’चं उरलेलं शेपूट.

स्कॉट्समध्ये ‘एटरकॅप’ माणसालाही म्हणतात, जो जरा काही झालं की अंगावर येतो त्याला. ज्या शब्दाने विष म्हणणं सोडून दिलं, त्याच्यातलं विष असं शिल्लक राहिलं आहे.

७. ‘पॉयझन’मध्ये ‘झ’ आहे. मग स्कॉट्समध्ये ‘श’ कुठून घुसला?

हा प्रश्न विचारणारे वाचक मला फार आवडतात, कारण इथे शब्दाच्या अंगाला हात लावून बघता येतं.

तुमच्या खुर्चीवर ‘कुशन’ असेल. तो शब्द जुन्या फ्रेंचमध्ये ‘कुइसीं’च्या जवळपासचा होता, ‘श’ नव्हताच. पण फ्रेंच ‘स’च्या आधी जो ‘इ’चा स्पर्श होता, त्याने ‘स’ला टाळूकडे ओढलं, आणि इंग्रजी जिभेवर तो ‘श’ झाला. चर्चच्या हद्दीला ‘पॅरिश’ म्हणतात, त्यातला ‘श’ही असाच आलेला. ‘पुइझों’मध्ये तोच ‘इ’ आहे. इंग्रजीने या शब्दात ‘झ’ ठेवला, स्कॉट्सने ओढ पूर्ण होऊ दिली. म्हणून ‘कुशन’ आणि ‘पुशन’ यांचं यमक जुळतं, तो योगायोग नाही.

हा बदल एका शब्दापुरता नव्हता. फ्रेंच ‘फुइझों’ म्हणजे विपुलता, भरपूरपणा. त्याचं स्कॉट्समध्ये ‘फुशन’ झालं आणि अर्थ झाला कस, दम, सत्त्व. ‘फुशनलेस’ म्हणजे बेचव, निःसत्त्व, ज्यात काही राम नाही असं. अन्नालाही म्हणतात, माणसालाही आणि कंटाळवाण्या प्रवचनालाही. भांड्याला ‘व्हेसल’ऐवजी ‘व्हेशल’ म्हणायचे, तेही याच ओळीतलं.

स्वराचं म्हणाल तर फ्रेंचमध्येच ‘उइ’ आणि ‘ओइ’ अशी दोन रूपं होती. इंग्रजीने पुढे ‘ओइ’ पक्कं केलं, स्कॉट्समध्ये ‘उ’ टिकला.

८. स्कॉट्समध्ये हा शब्द सगळ्यात आधी कुठे दिसतो?

ठळक जुना दाखला जॉन बार्बरच्या ‘द ब्रूस’ या दीर्घकाव्यातला. बार्बर हा ॲबर्डीनचा आर्चडीकन, म्हणजे चर्चचा वरिष्ठ अधिकारी. रॉबर्ट ब्रूस राजाचा पराक्रम सांगणारं हे काव्य त्याने १३७५च्या सुमाराला रचलं. तेरा हजारांहून जास्त ओळी आहेत. अगदी शेवटी राजा गेल्यानंतरची हकिकत येते. राजाचा भाचा थॉमस रँडॉल्फ, मोरेचा अर्ल (सरदार), बाळराजाच्या नावाने राज्य चालवत होता. त्याच्याबद्दल बार्बर हळहळून सांगतो की पुढे त्याला विष दिलं गेलं आणि त्याचं मरण पाहवत नव्हतं. तिथे ‘विष दिलं गेलं’ यासाठी जे क्रियापद आलं आहे, ते याच शब्दाचं, ‘पुसनित’सारखं, ‘उ’ असलेलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. रँडॉल्फ १३३२ साली मसलबरा इथे वारला, आणि त्याला आजारानेच मृत्यू आला असावा असं आजचे इतिहासकार मानतात. विषाची गोष्ट त्या काळच्या लोकांनी मनापासून मानलेली अफवा असावी. दुसरं म्हणजे काव्य १३७५चं असलं तरी आज हाती असलेली हस्तलिखितं १४८७ आणि १४८९ची आहेत. त्यामुळे शब्द बार्बरचा म्हणता येतो, पण स्पेलिंग शंभर वर्षांनंतरच्या लेखनिकाचं असू शकतं. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांचे पाठभेद ज्यांनी चाळले आहेत, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

९. स्कॉटलंड आणि फ्रान्सची जुनी मैत्री होती. शब्द त्या मैत्रीतून आला ना?

सांगायला छान वाटतं, पण तसं मानायची गरज नाही. दोन देशांचा तह १२९५ सालचा. फ्रेंच बोलणारे सरदार आणि पाद्री स्कॉटलंडमध्ये त्याआधीच, बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाच्या काळापासून, वसत होते. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळलेलाही होता. तेव्हा ‘पुशन’ नॉर्मन वाटेने आला. तहानंतर काही फ्रेंच शब्द थेट आले हे खरं, पण प्रत्येक फ्रेंच शब्द त्या मैत्रीच्या खात्यावर मांडू नये.

१०. कायद्यात किंवा खटल्यांमध्ये हा शब्द सापडतो का?

भरपूर सापडतो. दुसऱ्या जेम्सच्या राज्यात, १४५०च्या सुमाराला, परदेशातून विष आणणं हा राजद्रोह ठरवणारा कायदा झाला. १५३७मध्ये लेडी ग्लॅमिस, म्हणजे जॅनेट डग्लस, हिला पाचव्या जेम्सवर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपाखाली एडिनबराच्या किल्ल्याच्या टेकडीवर जिवंत जाळलं. ती निर्दोष होती आणि राजाचा तिच्या माहेरच्या डग्लस घराण्यावर राग होता, असंच बहुतेक इतिहासकार मानतात.

पण शब्द म्हणून मला सगळ्यात जवळून दिसतो तो १५९०च्या खटल्यात. उत्तरेकडच्या फाउलिसची लेडी, कॅथरिन रॉस. सावत्र मुलगा आणि भावजय यांना चेटूक आणि विष वापरून संपवण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप. आरोपपत्र स्कॉट्समध्ये आहे. त्यात उंदराचं विष विकत आणल्याचा उल्लेख आहे, ताज्या एल दारूत विष कालवल्याचा आहे, आणि एका ‘पिग’चा आहे. डुक्कर नव्हे! स्कॉट्समध्ये ‘पिग’ म्हणजे मातीचं मडकं, बुधली. त्या बुधलीत जहाल विष भरून एका दाईला रात्री पाठवलं. वाटेत बुधली फुटली. दाईने सांडलेलं चाखून पाहिलं आणि ती मेली. पुढे आरोपपत्र सांगतं की जिथे ती बुधली फुटली, तिथे गवत बाकीच्या गवतापेक्षा फार उंच वाढलं, पण गाय, गोऱ्हा, मेंढी, कुणीही त्याला तोंड लावेना.

कायद्याच्या कागदात हे वाक्य वाचताना अंगावर काटा येतो. कुणीतरी त्या जागी उभं राहून ते गवत बघितलं होतं, किंवा बघितल्याची शपथ घेतली होती. आणि ‘पेय’ या मूळ अर्थाकडे लक्ष द्या. एल, बुधली, चाखणं. शेकडो कोसांवरून आणि दीड हजार वर्षांनंतरही हे विष पिण्याचंच राहिलं होतं. कॅथरिन रॉस अखेर निर्दोष सुटली.

११. मग पुढच्या काळातल्या छापील कागदांत ‘पुशन’ का दिसत नाही?

कारण लिहिण्याची भाषा बदलली, बोलण्याची नाही. १५६०च्या धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या चर्चमध्ये जे बायबल वाचलं गेलं, ते इंग्रजीतलं होतं. १६०३मध्ये राजा इंग्लंडचाही राजा होऊन लंडनला गेला, दरबारही गेला. १७०७मध्ये संसदही गेली. शिकलेला माणूस लिहिताना ‘पॉयझन’ लिहू लागला आणि घरी ‘पुशन’ म्हणत राहिला.

१८५७चा मॅडेलिन स्मिथचा खटला पाहा. ग्लासगोतली चांगल्या घरातली तरुण मुलगी, तिच्यावर प्रियकराला आर्सेनिक देऊन मारल्याचा आरोप. १८५१च्या कायद्यामुळे आर्सेनिक घेणाऱ्याला दुकानातल्या वहीत सही करावी लागे आणि किरकोळीत विकायच्या आर्सेनिकमध्ये काजळी किंवा नीळ मिसळावी लागे, म्हणजे ते साखर किंवा पीठ समजून कुणी खाणार नाही. तिने वहीत सही केली होती आणि कारणात उंदीर होते. निकाल लागला ‘सिद्ध झालं नाही’, हा ‘दोषी’ आणि ‘निर्दोष’ यांखेरीज स्कॉटलंडमध्ये तेव्हा असलेला खास तिसरा निकाल. १५९०चे कागद आणि १८५७चे कागद शेजारी ठेवले की भाषेचं काय झालं ते दिसतं. पहिले स्कॉट्समध्ये, दुसरे इंग्रजीत. ‘पुशन’ कोर्टातून उठून स्वयंपाकघरात आणि गोठ्यात जाऊन बसला होता.

इथे एक खबरदारी घ्यावी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश लेखकाने ‘पॉयझन’ असं स्पेलिंग केलं म्हणून तो तसंच उच्चारत होता असं समजू नये. छापील रूप हे पुष्कळदा बाहेर जाताना घातलेले कपडे असतात.

१२. गेलिकमध्ये विषाला काय म्हणतात? ‘पुशन’ तिथे पोचला का?

गेलिकचा आपला जुना शब्द ‘निव्ह’च्या जवळपास उच्चारला जातो. तो सापाच्या विषालाही चालतो आणि बोलण्यातल्या विषालाही. त्याशिवाय ‘पुइन्शन’सारखा एक उसना शब्द आहे, तो आपल्या या ‘पुशन’च्याच कुळातला.

१३. आज हा शब्द कोण वापरतं आणि कुठल्या अर्थाने?

ईशान्य स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनच्या आसपासच्या बोलीत, तो चांगला मुरलेला आहे. अर्थ फक्त विष एवढाच नाही. नकोशा, किळसवाण्या गोष्टीला किंवा माणसालाही ‘पुशन’ म्हणतात, आणि ‘पुशनेबल’ हे विशेषण तसंच. आपण औषध तोंडात घेऊन ‘कडू जहर आहे’ म्हणतो, त्या वेळी विषबाधेचा विचार आपल्या मनात नसतो. तसाच हा वापर.

फ्रेंचमध्येही हा शब्द माणसावर गेला. तिथे विष या अर्थी तो आज पुल्लिंगी आहे, पण भांडखोर बाईला म्हणताना जुनं स्त्रीलिंग परत येतं.

ज्यांना स्वतः शोधायचं असेल त्यांच्यासाठी: जुन्या स्कॉट्सचा बारा खंडांचा कोश आणि १७०० नंतरच्या स्कॉट्सचा दहा खंडांचा कोश २००४पासून इंटरनेटवर एकत्र, फुकट उपलब्ध आहेत. दोन्ही कोशांचं प्रकाशन १९३१मध्ये सुरू झालं. दुसरा १९७६मध्ये पूर्ण झाला, पहिला २००२मध्ये. एका भाषेसाठी सत्तर वर्षं माणसं खपली. एकाच स्पेलिंगवर अडून राहू नका, चार प्रकारांनी शोधा.

१४. ‘विष’ आणि ‘पुशन’ यांचं काही नातं?

या दोघांचं काही नाही. ‘विष’चा सख्खा नातेवाईक लॅटिनमध्ये ‘वीरुस’. त्याचा अर्थ विष, चिकट घाण द्रव. तोच आजचा ‘व्हायरस’. म्हणजे करोनाच्या काळात आपण ‘विषाणू’ हा शब्द वापरत होतो, तेव्हा त्याचा पहिला भाग मूळ शब्दाचं भाषांतर तर होताच, शिवाय त्याचा भाऊही होता.

‘पुशन’चं नातं आहे ते ‘पाणी’, ‘पान’, ‘पेय’ यांच्याशी. प्रश्न ३ पाहा.

१५. आणखी कुठल्या भाषांनी विषाला असं आडून नाव दिलं आहे?

सगळ्यात प्रसिद्ध जर्मन ‘गिफ्ट’. मूळ अर्थ देणं, दिलेली वस्तू. ग्रीक ‘दोसिस’चाही अर्थ देणंच, आणि वैद्य जे मापून देतो त्यालाही तेच म्हणत. आपला ‘डोस’ तिथलाच. जर्मनने त्या वळणावर आपला ‘गिफ्ट’ नेला, आणि आज जर्मनीत ‘गिफ्ट’ म्हणजे विष. डॅनिशमध्ये तर ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि ‘गिफ्ट’ म्हणजेच विवाहित, कारण मुलगी ‘दिली’ जाई. आपणही ‘मुलगी कुठे दिली?’ असंच विचारतो.

सापाच्या विषाला इंग्रजीत ‘व्हेनम’ म्हणतात, तो लॅटिन ‘वेनेनुम’वरून. त्याचं मूळ व्हीनस या प्रेमदेवतेच्या नावाशी जोडलेलं आहे. म्हणजे आधी प्रेमात पाडणारं पेय, मग विष. पाजणं, देणं, मोहिनी घालणं: मारण्याचं क्रियापद कुठेही नाही.

१६. ‘ॲटर’ आणि आपलं ‘अत्तर’ एकच का?

नाही. ‘अत्तर’ अरबी ‘इत्र’वरून फारसीमार्गे आलं, ‘ॲटर’ जर्मॅनिक. आवाज जुळला, एवढंच. तसंच ‘पुश’, म्हणजे ढकलणे, याचाही ‘पुशन’शी संबंध नाही. आणि फ्रेंच हॉटेलात मेनूवर ‘प्वासों’ दिसलं तर घाबरू नका, तो मासा. विषाच्या शब्दात ‘स’चं अक्षर एकदाच येतं आणि उच्चार ‘प्वाझों’ होतो.

१७. स्कॉट्स आणि मराठी यांचा प्रत्यक्ष काही संबंध आला आहे का?

‘पुशन’पुरता नाही. पण माणसांच्या मार्फत आला आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते रेव्हरंड जॉन विल्सन स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाभागातल्या लॉडर गावचे, जन्म १८०४. त्या भागात घरोघर स्कॉट्स बोलली जाई. १८५७मध्ये मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तिला मराठीच्या जडणघडणीवरचं टिपण विल्सन यांनी लिहिलं. गावाकडची बोली आणि छापील भाषा यांतलं अंतर ज्या मुलखात पदोपदी जाणवतं, तिथला माणूस मराठीच्या कोशाला हातभार लावत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

१८. मी स्कॉटिश कथेचं मराठीत भाषांतर करते आहे. एक म्हातारी ‘पुशन’ म्हणते. ‘विष’ लिहू की ‘जहर’?

हा प्रश्न तीन वेगवेगळ्या भाषांतरकारांनी विचारला आहे आणि सगळ्यांना मी तेच सांगितलं.

आधी बाकीचं बोलणं बघा. कथेतले डॉक्टर ‘पॉयझन’ म्हणत असतील आणि म्हातारीच तेवढी ‘पुशन’ म्हणत असेल, तर लेखकाने मुद्दाम दोन आवाज वेगळे ठेवले आहेत. दोन्हीकडे ‘विष’ लिहिलंत तर म्हातारी पुसली जाईल. ‘जहर’ फारसी वळणाचा, त्याला शेरोशायरीचा आणि सिनेमाच्या संवादांचा वास येतो. तो तिच्या तोंडी बसत नाही.

माझी आजी ‘इख’ म्हणायची. ‘विख’मधला ‘व’ तिच्या जिभेवर कधीच नव्हता. कारलं जास्त कडू निघालं की ताट सरकवून म्हणायची, ‘इख झालंया निस्तं.’ ‘विष’चं ‘विख’, ‘विख’चं ‘इख’. ‘पुइझों’चं ‘पुसून’, ‘पुसून’चं ‘पुशन’. दोन्ही शब्द सारखेच झिजले आहेत, दोन्ही शाळेच्या फळ्यावर चढले नाहीत, आणि दोन्ही ऐकले की बोलणाऱ्याचं गाव समजतं. डॉक्टरांना ‘विष’ द्या, म्हातारीला ‘इख’ द्या. मात्र तिचं उरलेलं वाक्यही त्याच बोलीत हवं. प्रमाण मराठीच्या वाक्यात एकटा ‘इख’ चिकटवला तर तो नाटकी वाटेल.